टणक थर फोडायचा कोणी?



स्त्रियांच्या त्रैमासिकाच्या पहिल्या पानावर ट्रॅक्टरच्या अवजाराची चर्चा पाहून काहीजणी चक्रावतील. पोटगी, मारहाण, रेशन, रोजगार हमी हे आपले विषय. नांगर, फाळ, वेल्डिंग हे पुरुषांचे, अशी वाटणी आपणही न बोलता मान्य करून टाकली आहे. या वेळी त्या वाटणीबद्दलच लिहायचे आहे.

नायगाव म्हटले की बाहेरच्या कार्यकर्त्यांना हटकून सावित्रीबाईंचे जन्मगाव आठवते. ते सातारा जिल्ह्यातले. हे नायगाव नांदेडचे, बिलोली-मुखेडच्या शेजारचे. इथून लातूरपर्यंत काळी चिकण माती. ज्वारी-मूग-उडीद मागे पडले, सोयाबीन-तूर-हरभरा आला. बैल कमी झाले. भाड्याचा ट्रॅक्टर येतो, रोटाव्हेटर फिरवून जातो. वरची चार-पाच इंच माती पिठासारखी भुसभुशीत होते, आणि तिच्याखाली वर्षानुवर्षे चाकांच्या वजनाने आणि पात्यांच्या घासण्याने दडपलेला टणक थर तयार होतो. पाऊस पडला की पाणी त्यावर तुंबते. उघडीप पडली की खालची ओल मुळांना मिळत नाही. याच मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अतिवृष्टीने उभे सोयाबीन सडले. या दोन्ही आपत्तींचे खापर टणक थरावर फोडणे बरोबर नाही. ढगफुटीपुढे कोणतेही अवजार टिकत नाही. पण साधारण पावसाचे पाणी जमिनीत मुरते की बांधावरून वाहून जाते, हे मात्र या थरावर पुष्कळसे ठरते.

आपल्या शेतात तो आहे का, हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. तूर काढताना एक झाड खणून काढा. सोटमूळ सरळ खाली गेलेले असेल तर काळजी नाही. वीतभर जाऊन काटकोनात वळले असेल तर थर आहे. बायकाच तूर काढतात, त्यामुळे हे वळलेले मूळ आपण कितीदा तरी हातात धरलेले असते.

तो थर फोडण्यासाठी खोल जाणारा एकच फण लागतो. दुकानात 'रिपर' मागितला तर कापणीचे यंत्र दाखवतात. कंपनीच्या कागदावर याचे नाव 'सबसॉयलर'. आपण त्याला खोल फण म्हणू. मोठ्या ट्रॅक्टरला असे दोन-तीन फण लावतात. पण गावागावांत अजून जुनी लहान इंजिने चालू आहेत: एचएमटी २५११, आयशर २४१, स्वराज ७२४. पंचवीस-सव्वीस अश्वशक्तीची ही यंत्रे. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय तर केंद्र सरकारने २०१६ सालीच घेतला. तरी तिचे जुने ट्रॅक्टर गावचे मिस्त्री अजून चालते ठेवतात. एवढ्या ताकदीला एक फण झेपतो, एकापेक्षा जास्त नाही.

तो गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होऊ शकतो. जुन्या पंजीचा सांगाडा घ्यायचा. नऊ फणांवर वाटला जाणारा जोर आता एकाच ठिकाणी येणार, म्हणून मधल्या भागाला दुहेरी चॅनेल लावून घ्यायचे. फणाचा दांडा २५ मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद पट्टीचा, सुमारे ७५ सेंटिमीटर लांब. त्याचे वजन १५ किलोच्या आसपास भरते, भंगारात किलोवर मिळतो. टोकाला ट्रकच्या जुन्या पाट्याचा, साधारण दोन इंच रुंदीचा तुकडा, जमिनीशी २५ ते ३० अंशांचा कोन करून. पाट्याचे पोलाद कडक असते. घाईने वेल्डिंग केले तर थंड होताना तडकते. म्हणून टोक बोल्टने बसवावे, झिजले की बदलता येते. आणि एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगायची: दांडा सांगाड्याला जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक मुद्दाम मऊ लोखंडाचा हवा. खाली धोंडा लागला तर तो बोल्ट तुटावा, ट्रॅक्टरचे सांधे नाही. तुटल्यावर त्या जागी कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा ठोकणारा चालक हुशार नव्हे, धोकादायक.

धोक्याचे आणखी थोडे. फण नेहमी हायड्रॉलिकच्या तीन सांध्यांनाच जोडावा. साखळीने किंवा दोराने, धुऱ्याच्या वर कुठेही बांधून ओढला तर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो मागे चालकावर उलटू शकतो. फण मातीत असताना वळू नये, मागे येऊ नये. जुन्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक अचानक खाली बसते. लाकडी ओंडका लावल्याशिवाय उचललेल्या फणाखाली कोणी हात घालू नये.

वेळ चुकली तर सारे फुकट. हरभरा निघाल्यापासून मृगापर्यंत, जमीन कोरडी असतानाच हे काम करायचे. कोरडा थर तडकतो. ओल्या चिकण मातीत फण लोण्यातून सुरी जावी तसा जातो आणि दोन्ही बाजू लिंपून टाकतो. पहिल्या फेरीत वीतभर, त्याच ओळीत दुसऱ्या फेरीत फूटभर. चाके जागच्या जागी फिरू लागली तर खोली कमी करायची, नाहीतर फोडण्याऐवजी आपण नवा थर करत बसतो. ओळी उताराला आडव्या, चार-चार फुटांवर. एकराला सव्वातीन किलोमीटरची चाल होते, वळणे धरून दीड-दोन तास. दरवर्षी करायची गरज नाही. मुरमाड, उथळ जमिनीत तर करूच नये, नुसते दगड वर येतात.

इतके झाले लोखंडाचे. आता माणसांचे.

आपल्याकडे पेरताना चाड्यावर मूठ बाईची चालते. नांगराला हात लावलेला चालत नाही. ही बंदी कायद्यात कुठेच नाही, आणि म्हणूनच ती मोडायला कायदा पुरत नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला स्त्रियांचे अधिवेशन भरवले, पुढे लक्ष्मीमुक्तीतून बायकांच्या नावे जमिनी करायला लावल्या. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, केंद्राने २००५ साली. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच भरल्या. आणि जिच्या नावावर जमीन आहे, तिलाही नांगरटीसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. विधवा, परित्यक्ता, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर शेत एकटीने सांभाळणारी, यांची पाळी गावात सर्वांत शेवटी येते. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, जमीन ओली असते. वर लिहिले आहे की ओल्या जमिनीत खोल फण चालवून उपयोग नाही. रांगेत शेवटी असणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

सरकारी योजना नाही असे नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात बहुतेक अवजारांवर स्त्री शेतकऱ्याला ५० टक्के अनुदान आहे. पण अर्जाला सातबारा स्वतःच्या नावाचा लागतो, आणि अवजार तपासणी होऊन मान्यता मिळालेल्या उत्पादकाचे लागते. गावच्या वेल्डरने केलेल्या फणाला एक पैसा मिळत नाही. मान्यतेची अट निरर्थक आहे असे आम्ही म्हणणार नाही. खराब अवजाराने माणसे मरतात. पण गावात बनलेल्या साध्या अवजाराची तालुक्याच्या ठिकाणी तपासणी करून घेण्याची सोय व्हावी, ही मागणी महिला गटांनी कृषी खात्याकडे लावून धरायला हवी. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, ते काही फार लांब नाही.

आपल्यातल्याच काहीजणी विचारतील, यंत्रांनी बाईची मजुरी खाल्ली, आणि आता आपणच यंत्राचा प्रचार करायचा? प्रश्न खरा आहे. तणनाशकाने खुरपणी गेली, हार्वेस्टरने कापणी गेली, आणि ती मजुरी बायकांचीच होती. त्या यंत्रांचे स्वागत करायला आम्ही गेलो नाही. खोल फण मात्र कुणा बाईचे काम काढून घेत नाही, कारण नांगरटीचे काम तिला कधी मिळालेच नव्हते. भूमिहीन मजूर बाईला त्याचा थेट फायदा नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तिच्यासाठी वेगळेच लढावे लागेल.

लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांना होती; लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यामुळे विकले जाईनात. पुढे त्याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झाले, आणि त्याच्या संपादिका राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली 'मिळून साऱ्याजणी' काढले. नांगराचे लोखंड आणि स्त्रियांची मासिके यांचे नाते आपण समजतो त्यापेक्षा जवळचे आहे!

आता गटांसाठी. फण गटाच्या वर्गणीतून करा आणि गटाच्याच नोंदवहीत लिहा, कोणाच्या मालकाच्या नव्हे. ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी चालेल; ट्रॅक्टरवाल्याला तासाचे भाडे, फणाचे भाडे गटाला. पाळ्यांची यादी होळीच्या आधी बैठकीत करा, एकट्या स्त्रियांची शेते सर्वांत वर. निदान दोघींनी तरी ट्रॅक्टर चालवायला शिकावे, रीतसर परवान्यासकट. बाईच्या नावावर ट्रॅक्टर आणि किल्ली मुलाच्या खिशात, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ज्या गटांनी असे अवजार केले असेल त्यांनी लोखंड किती लागले, वेल्डरने काय घेतले, तासाचा दर काय ठरवला आणि पाळ्यांवरून भांडणे झाली तर ती कशी मिटवली, हे आम्हांला जरूर लिहून कळवावे. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.