यंत्र येऊ द्या, पण हिशेब मांडून



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन विषय येणार आहेत. पहिला, मिल, बॉयलर आणि पॅन विभागाचे स्वयंचलन करण्यासाठी कर्ज काढण्याचा. दुसरा, ऊस तोडणी यंत्र घेणाऱ्यांच्या कर्जाला कारखान्याने हमी देण्याचा. विषयपत्रिका घरोघर पोचली आहे. पारावर आणि काट्याच्या रांगेत चर्चाही रंगली आहे. कोणी म्हणतो, "यंत्राबिगर आता गत्यंतर नाही." कोणी म्हणतो, "गरिबाच्या पोटावर पाय येईल." दोघांचेही निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे कळावे म्हणून आपल्याला जरा लांब, गडचिरोलीच्या जंगलात घेऊन जातो.

मागे एका वर्षी गळीत आटोपल्यावर आम्ही दहा-बारा सभासद हेमलकशाला गेलो होतो. बाबा आमटे यांनी 1973 च्या डिसेंबरात तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताई आमटे यांनी माडिया गोंड बांधवांसाठी सारे आयुष्य वेचले. हे आपण ऐकून असतो. पण त्या सुरुवातीच्या दिवसांची हकीगत त्याच जागी उभे राहून ऐकणे वेगळे. वीज नाही, धड रस्ता नाही. नद्यांना पूर आला की भामरागडचा सारा मुलूख जगापासून तुटायचा. रात्री कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया कराव्या लागत. आमच्यातले एक वयस्कर सभासद म्हणाले, "हातानं करण्यातच पुण्य आहे म्हणणाऱ्यानं एकदा हितं येऊन बघावं." खरेच आहे. यंत्र नसणे हा काही सद्गुण नव्हे.

पण त्याच प्रवासात दुसरी बाजूही दिसली. आष्टीवरून आलापल्लीकडे जाताना समोरून लोहखनिजाने भरलेले ट्रक येत होते. एकामागे एक, मोजता मोजता कंटाळलो. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर 2021 पासून पुन्हा खाणकाम सुरू झाले, त्याचा हा माल. रस्त्याची चाळण झालेली, कडेच्या झाडांची पाने तांबडी. धुळीला आणि अपघातांना कंटाळून तिथल्या लोकांनी आंदोलने केली होती. मात्र रस्त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने, जेवणाच्या खानावळीही उभ्या राहिल्या होत्या. ट्रकामागे चार पोटे चालत होती.

पुढे 2025 च्या जुलैत त्या भागात नळयोजना सुरू झाली. पाण्याची नव्हे, लोखंडाची! हेडरीला खनिज दळायचे, त्याची पूड पाण्यात कालवायची आणि सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या नळातून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या कारखान्याकडे ढकलायची. आपण गोबरगॅसची मळी पाटाच्या पाण्याबरोबर शेतात सोडतो, तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर. यात डिझेल वाचते, धूळ कमी होते, रस्त्यावर माणूस मरण्याचा धोका घटतो. हे फायदे मोठे आहेत, नाकारता येणार नाहीत. पण जितका माल नळाने जाईल तितक्या ट्रकांचे काम उरणार नाही. ड्रायव्हर गेला की क्लीनर गेला, पंक्चरवाला गेला, टपरीवाला गेला. त्या टपरीवाल्याला या निर्णयात मत नव्हते. त्याच्यासाठी कुठली सर्वसाधारण सभा नव्हती.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटे गाव आहे. 2009 साली त्या गावाला जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. किती तोडायचा, कोणी तोडायचा, पैसा कशाला वापरायचा, हे गाव बसून ठरवते. जंगल तेच, बांबू तोच, तोडणारे हातही तेच. फरक फक्त मालकीचा आणि मताचा.

आता घरी येऊ. आपल्या कारखान्याच्या फाटकावर "विना सहकार नाही उद्धार" असे रंगवलेले आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी कारखाना उभा केला, तो शेतकऱ्याला यंत्राचा मालक करण्यासाठी. गुऱ्हाळाची चुलवण सोडून आपण यंत्राकडे गेलो आणि त्याने आपले भलेच झाले. तेव्हा यंत्राला विरोध करण्याचा अधिकार सर्वात कमी कोणाला असेल तर तो आपल्याला!

पहिल्यांदा तोडणीचे बोलू. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका हंगामात टोळीच्या मुकादमाने उचल घेतली आणि टोळी आलीच नाही. माझा ऊस मार्च संपेपर्यंत उभा. तुरा आला, वजन घटले, उतारा गेला. शेवटी दुसरीकडचे यंत्र आणले. तीन दिवसांचे काम चार तासांत झाले. पण माझी सरी तीन फुटी, यंत्राला लागते साडेचार-पाच फुटी. चाकाखाली बुडखे चेंगरले, पुढचा खोडवा विरळ उगवला. पाचटापोटी वजनात वजावट झाली ती निराळीच. वाढेही हाती लागले नाही, जनावरांना वैरण विकत आणली. आणि मजुराला द्यावी लागते ती खुशाली यंत्राच्या ड्रायव्हरनेही मागितली! यंत्र बदलले, रीत तीच.

आता मजुराची बाजू. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो. यंत्र शंभर टनांच्या पुढे जाते. म्हणजे एक यंत्र आले की पन्नास कोयते, शंभर माणसे घरी बसतात. यातली बहुतेक बीड आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातली. त्यांच्या खोपीत लहान मुले असतात, बाळंतपणेही होतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया किती झाल्या याची चौकशी 2019 साली झाली, तेव्हा साऱ्या राज्याची मान खाली गेली. हे काम असेच चालू राहावे असे म्हणण्याची हिंमत कोणी करू नये. पण ते काम काढून घेताना त्यांच्या हाती दुसरे काय देणार, हे सांगितल्याशिवाय गप्पही बसू नये. 2023 साली शासनाने 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान तोडणी यंत्राला जाहीर केले. अनुदान यंत्राला मिळाले. कोयत्याला काय मिळाले?

कारखान्यातल्या स्वयंचलनाचे गणित थोडे वेगळे आहे. गव्हाणीत ऊस सारखा पडला, रसाचा प्रवाह आणि वाफेचा दाब यंत्राने सांभाळला, तर वाफ वाचते, बगॅस शिल्लक राहते, साखर वाया कमी जाते. 2025-26 साठी केंद्राचा दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे आणि त्यावर दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे वाढतात. टनाला 34 रुपये 60 पैसे. लाख टनाला साडेचौतीस लाख. म्हणून उताऱ्याचा पाव-अर्धा ठिपकासुद्धा क्षुल्लक समजू नये. शिवाय गव्हाणीजवळ, बॉयलरजवळ माणूस भाजण्या-चेंगरण्याचे प्रसंग टळले तर त्याची किंमत रुपयांत होत नाही.

दुसरी बाजू अशी. आपला जुना पॅनमन काचेवर पाक घेऊन बोटाने दाणा ओळखतो. ते ज्ञान एका माणसाच्या हयातीत तयार झालेले असते. पडद्यावरचा आकडा चुकला तर तो चुकला हे ओळखायलाही तोच लागतो. भर हंगामात एक कार्ड जळाले आणि दुरुस्तीचा माणूस शहरातून यायला दोन दिवस लागले, तर वाळणारा ऊस कोणाचा? आपलाच. तिसरी गोष्ट व्याजाची. यंत्र हंगामापुरते फिरते, व्याज मात्र 365 दिवस फिरते. 2024-25 चा हंगाम राज्यातल्या कित्येक कारखान्यांना शंभर दिवसही पुरला नाही. ऊसच कमी असेल तर स्वयंचलित मिल काय चघळणार?

म्हणून माझी सूचना अशी. दोन्ही ठरावांना हात वर करावा, पण तीन अटी इतिवृत्तात लिहून घ्याव्यात.

पहिली अट. स्वयंचलनाने किती वाफ, किती बगॅस, किती उतारा वाचला आणि त्यापोटी किती व्याज भरले, याचा वेगळा तक्ता दर वर्षी अहवालात छापावा. फायदा झाला असेल तर त्यातला वाटा उसाच्या बिलात दिसला पाहिजे.

दुसरी अट. यंत्रापायी एकाही कायम वा हंगामी कामगाराला काढू नये. निवृत्तीने जागा कमी होतील तशा होऊ द्याव्यात. जुन्या पॅनमनच्या हाताखाली दोन तरुण शिकवावेत आणि दुरुस्तीचे शिक्षण आपल्याच पोरांना द्यावे.

तिसरी अट. हमी देताना आधी गावच्या तरुणांच्या गटांना द्यावी आणि यंत्र चालवायला वर्षानुवर्षे आपल्याकडे येणाऱ्या टोळ्यांतल्या मुलांना शिकवून घ्यावे. ज्यांची सरी अरुंद आहे अशा लहान सभासदांसाठी हाताने तोडणी चालू ठेवावी, नाहीतर तीन एकरवाल्याचा ऊस शेवटपर्यंत उभा राहील.

हे ऐकून कोणी म्हणेल, "कारखाना काय धर्मशाळा आहे?" नाही. पण तो सावकाराची पेढीही नाही. आष्टीच्या रस्त्यावरच्या टपरीवाल्याला जे मिळाले नाही, ते आपल्या खिशात आहे. एका शेअरच्या दाखल्यावरही पुरे एक मत मिळते. सभेच्या दिवशी नुसते जेवून परत येऊ नका. ठराव वाचला जाईल तेव्हा उठून उभे राहा आणि विचारा, "वाचलेला पैसा कुठं जाणार?" उत्तर मिळाल्यावरच हात वर करा.

— एक ऊस उत्पादक सभासद