दोन्हीकडे पिन असलेली वायर



2025 च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात पावसाने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे लाईट गेली ती दुसऱ्या दिवशीही आली नाही. घरचा इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. परळीचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, पण अंधाराची सवयही आपल्यालाच. अंधाराचं मला काही वाटत नाही. जेवण सूर्यास्ताआधी होतं, प्रतिक्रमणाला दिवा लागत नाही. काळजी होती ती सासूबाईंची. एकोणनव्वद वर्षांच्या, दम्याच्या. दिवसातून तीनदा नेब्युलायझर लागतो.

तेवढ्यात पुतण्या आला. "काकू, गाडी आहे ना दारात? पाच मिनिटांत घरभर लाईट लावतो." त्याच्या हातात गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा इन्व्हर्टर होता आणि एक वायर. वायरीच्या दोन्ही टोकांना पिना. एक पिन इन्व्हर्टरमध्ये, दुसरी हॉलच्या सॉकेटमध्ये. म्हणजे सगळ्या घराच्या वायरिंगला करंट.

मी बी.कॉम., विजेतलं मला काय कळणार? पण जमा-खर्चाची सवय आहे, म्हणून एवढंच विचारलं, "हा करंट सॉकेटमधून घरात शिरतो, तर मीटरमधून बाहेर का नाही जाणार?"

तो म्हणाला, "मेन स्विच बंद करू."

"आणि लाईट आली का बघायला कुणी तो चालू केला तर?"

यावर तो गप्प बसला. ती वायर मी तिथेच ठेवून घेतली.

नंतर आमच्या इलेक्ट्रिशियनने नीट समजावलं. डीपीवर अकरा हजार व्होल्टची वीज येते, तिथून आपल्याकडे 230 ची. पण ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. घरातून बाहेर गेलेले 230 पलीकडे अकरा हजार होऊ शकतात. तिथे खांबावर वायरमन असतो, लाईट बंद आहे समजून तार जोडणारा. काहीजण म्हणतात, छोटा इन्व्हर्टर शेजाऱ्यांच्या लोडने लगेच बंद पडेल. पडेलही. पण तार आपल्याच दाराशी तुटलेली असेल तर पुढे लोड कुठला? फक्त त्या माणसाचा हात. शिवाय सॉकेटमधून ती पिन निघाली तर तिच्या उघड्या टोकांत करंट, आणि घरात रांगणारी नातवंडं.

ज्यांनी छतावर सोलर बसवलंय त्या कुरकुरतात, "ऊन आहे, तरी लाईट गेली की आमचं सोलरही बंद!" बॅटरीशिवायचं सोलर मुद्दाम तसंच केलेलं असतं, वायरमनसाठी. मशीनला जी अक्कल घातली आहे ती आपण एका साध्या वायरने काढून टाकतो.

काही श्राविका म्हणतील, वीज म्हणजे तेउकाय, ती जितकी कमी तितकं बरं, हा विषय इथे कशाला? कमी वापरावी हे खरंच. पण आजारी माणसाचा श्वास चालू ठेवणं टाळता येत नाही. आणि आठवं व्रत आपण घेतो, अनर्थदंड विरमण, त्यात प्रमादाचरणही येतं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. पाणी गाळून घेणाऱ्या, पिठात अळी दिसली तर हलक्या हाताने बाजूला ठेवणाऱ्या आपण. खांबावरचा पंचेंद्रिय माणूस आपल्या सॉकेटमुळे गेला तर नकळत झालं म्हणून सुटका होते असं मला वाटत नाही. माहीत करून घेतलं नाही, हाच प्रमाद.

मग नेब्युलायझर कसा चालवला? घराच्या वायरिंगला हातच लावला नाही. इन्व्हर्टरच्या चिमट्या गाडीच्या बॅटरीला, लाल प्लसला, काळी मायनसला, मध्ये फ्यूज. इन्व्हर्टर कोरड्या जागी, मोकळ्या हवेत. तिथून एक जाड एक्स्टेन्शन खिडकीतून थेट सासूबाईंच्या खाटेपाशी. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा मोह होतो, पण त्याचा फ्यूज बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो. आमच्या नेब्युलायझरवर 150 वॉट लिहिलंय आणि खोलीत 9 वॉटचे दोन बल्ब. मिळून 168. भागिले 12 म्हणजे 14 अँपिअर, इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो तर 16 धरा. पाव तासाला 4 अँपिअर-तास, दिवसात तीन वेळा 12. लहान गाडीची बॅटरी 35 ची. इंजिन चालू न करता भागलं, आणि गाडी सुरू होण्याइतकं शिल्लकही राहिलं. हेच गणित पंख्याचं करा. 75 वॉटचा पंखा रात्रभर म्हणजे पन्नासच्या वर अँपिअर-तास. सकाळी गाडी ढकलायला माणसं बोलवा! मिक्सर, इस्त्री, गिझर तर विसराच. भोगोपभोगाचं परिमाण इथे वॉटमध्ये मोजायचं. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांनी हा हिशेब आजच मांडावा. ते तीनशेच्या वर वॉट घेतं, आणि त्याला साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो, तो डॉक्टरांना किंवा मशीन देणाऱ्याला विचारूनच घ्यावा.

बॅटरी उतरली म्हणून इंजिन चालू करायचं तर गाडी बाहेर, मोकळ्यावर, खिडक्यांपासून लांब. पोर्चमध्ये नाही, शटर अर्धं वर करूनही नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. पाऊस आहे म्हणून गाडी आत घेऊ नका, इन्व्हर्टर झाका.

आता इलेक्ट्रिक गाड्याही आल्या आहेत. 2023 च्या नव्या नेक्सॉनपासून टाटाच्या काही गाड्यांतून 3.3 केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते. फ्रीज, ऑक्सिजन मशीन आरामात चालेल, धूर नाही. पण ताकद जास्त म्हणून वायरिंगमध्ये घातली तर धोकाही जास्त. शेतावर ट्रॅक्टरवरचा अल्टरनेटर असतो, त्याचंही तेच. घराच्या वायरिंगला वीज द्यायचीच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवावा, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून. त्यात एक तर बाहेरची लाईट नाही तर आपली, दोन्ही एकदम लागतच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खांबाशी वायरमन आला. पंचविशीतला असेल. चढण्याआधी गल्लीत प्रत्येक दाराशी एकच विचारत होता, "जनरेटर-बिनरेटर चालू नाही ना, मावशी?" म्हणजे त्याला ठाऊक होतं की लोक हे करतात.

चेंजओव्हर आम्ही दिवाळीआधी बसवला. पुढच्या महिला मंडळाला आमचे इलेक्ट्रिशियन यायला तयार आहेत. येताना प्रत्येकीने आपल्या घरातल्या मशीनवरचे वॉट कागदावर लिहून आणा. मेन स्विच कुठे आहे तेही पाहून या. मागच्या वेळी विचारलं तर निम्म्या जणींना माहीत नव्हतं.