बाटलीवर 'नॅनो' लिहिलं म्हणून डिंक्या पळत नाही

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे संत्रा आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी आपल्या काटोल-नरखेड-वरूडच्या पाहुण्यांना पाठवा.

पोळ्याच्या आधी बगीच्यातल्या सात झाडांना डिंक्या दिसला. खोडाची साल फाटून डिंक गळतोय, पानं पिवळी पडली, एक झाड तर शेंड्याकडून वाळायला लागलं. कृषी केंद्रात गेलो, मोरचूद मागितलं. दुकानदार हसला. "भाऊ, मोरचूद काय घेता, तो तुमच्या आजोबाचा जमाना होता. हे घ्या, नॅनो आहे. डायरेक्ट मुळात घुसते." चकचकीत बाटली, किंमत मोरचुदाच्या कितीतरी पट. लेबल वाचलं. कोणत्या पिकासाठी? 'सर्व पिकांसाठी.' कोणत्या रोगावर? 'सर्व बुरशीजन्य रोगांवर.' आत तांबं आहे, चांदी आहे की नुसतं रंगीत पाणी, ते कुठंच नाही. खाली बारीक अक्षरात 'पीकवाढ पोषक'. बाटली परत ठेवली, मोरचूद आणि चुना घेऊन घरी आलो.

आता कोणीतरी म्हणेल, हा विज्ञानविरोधी आहे. नाही बाप्पा. नॅनोमागचं विज्ञान खरं आहे. गुळाची अख्खी ढेप पाण्यात टाका आणि तेवढाच गूळ किसून टाका, कोणता आधी विरघळेल? तसंच हे. एक हजार नॅनोमीटरचा तांब्याचा कण फोडून दहा नॅनोमीटरचे कण केले, तर तेवढ्याच वजनात पृष्ठभाग शंभरपट होतो. म्हणजे कमी तांब्यात जास्त काम व्हायची शक्यता. आपल्या शेजारी अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी तर बुरशीच वापरून चांदीचे नॅनोकण तयार करण्यावर वर्षानुवर्षे काम केलं. झिंग्या-खेकड्याच्या कवचापासून निघणाऱ्या कायटोसानच्या कणांवरही जगभर प्रयोग चालू आहेत. यातून उद्या काही चांगलं निघालं तर पहिला ग्राहक मी.

पण प्रयोगशाळेतली काचेची बशी वेगळी आणि काटोलची काळी जमीन वेगळी. बशीत शुद्ध पाणी असतं. आपण पंपात टाकतो विहिरीचं जड पाणी, आणि क्षार असलेल्या पाण्यात हे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळा झाला की कसलं नॅनो? जमिनीत गेल्यावर चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ तांब्याला धरून ठेवतात. वरून हे तांबं-चांदी फक्त वाईट बुरशीच मारेल असं थोडंच आहे? तुम्ही शेणखतात कालवून जे ट्रायकोडर्मा टाकता, तीही बुरशीच आहे. एका हातानं पेरायची आणि दुसऱ्या हातानं मारायची, हा कुठला हिशोब?

आणि डिंक्या म्हणजे पानावरचा डाग नव्हे. तो फायटोफ्थोरा. आपण त्याला बुरशी म्हणतो, शास्त्रज्ञ त्याला बुरशीत धरतही नाहीत. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. ज्या बगीच्यात पाणी साचतं, मोकाट पाणी देताना ते थेट खोडाला लागतं, कलम लावताना डोळा मातीत गाडला जातो, तिथे तो हमखास येतो. त्यात आपली बहुतेक झाडं जंबेरीच्या खुंटावर, आणि जंबेरी या रोगाला नाजूक. म्हणजे मारायचा आहे तो बुंध्यात आणि मुळात, आणि बाटली सांगते पानावर फवारा. वरून फवारलेलं खाली मुळापर्यंत उतरतं अशी औषधं आहेत, फोसेटिल त्यातलंच. पण ते सिद्ध करून, नोंदणी घेऊन बाजारात आलं. या बाटलीनं काय सिद्ध केलं? "डायरेक्ट मुळात घुसते" हे दुकानदाराचं वाक्य, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.

"पण अमक्याच्या बगीच्यात फरक पडला ना!" हे दर वेळी ऐकतो. विचारा त्याला, त्याच हंगामात चर खोदला होता का? साल खरडून बोर्डो पेस्ट लावली होती का? आळं खोडापासून दूर केलं होतं का? तीन गोष्टी केल्या आणि श्रेय चौथ्या बाटलीला. दहा झाडं बाटलीशिवाय सोडली असती तर कळलं असतं.

आता कायदा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकही येतं. बुरशी मारतो असा दावा करून विकायचं तर केंद्रीय नोंदणी समितीकडे नोंदणी पाहिजे. लेबलवर नोंदणी क्रमांक, विषाचा त्रिकोण, पीक, रोग, मात्रा, विषबाधा झाली तर काय करायचं, सगळं पाहिजे. नॅनोसाठी सूट नाही. उलट जुलै २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं नॅनो निविष्ठा कशा तपासायच्या याची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. मग पळवाट काय? लेबलवर 'पोषक' लिहायचं आणि तोंडानं 'डिंक्याचं औषध' म्हणून विकायचं. छापलेलं एक, बोललेलं एक. बोललेल्याचा पुरावा कास्तकाराकडे नसतो.

याला किरकोळ समजू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. शेतकरीही होते, मजुरीनं फवारणारेही. बाटलीत काय आहे हेच माहीत नसेल तर डॉक्टर उपचार कशावर करणार? नॅनोकण तर इतके बारीक की तुषारासोबत फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात, आणि आपला फवारणारा गडी तोंडाला दुपट्टा बांधून उभा असतो.

माझा खरा राग दुकानदारावर नाही, त्याला कमिशन दिसतं. राग याचा आहे की ज्या शहरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, नीरी आहे, अमरावती आणि अकोल्याची विद्यापीठं हाकेच्या अंतरावर आहेत, तिथल्या कास्तकाराला नॅनोबद्दल पहिली माहिती दुकानाच्या काउंटरवर मिळते. या संस्थांनी काटोल-कळमेश्वर भागातल्या दोन-चार बगीच्यांत उघड प्रयोग लावावा. एका ओळीत नॅनो, एकीत बोर्डो आणि पाण्याचा निचरा, एकीत काहीच नाही. तीन वर्षं झाडं मोजा. माती आणि विहिरीच्या पाण्यात काय उरलं ते नीरीनं तपासावं. निकाल मराठीत, गावच्या चावडीवर लावा. नॅनो जिंकलं तर मी स्वतः पेढे वाटतो.

तोवर आमच्याकडे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पेस्ट पावसाळ्याआधी लावायची आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा. सातपैकी सहा झाडांची साल खरडून झाली, सातवं बहुतेक जाईल. खालच्या बांधाकडे चर काढायचं काम उद्यापासून.

कोणाकडे अशी बाटली असेल तर लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो कमेंटमध्ये टाका, दुकानाचं नाव झाकून. पक्कं बिल असेल तर जपून ठेवा. दहा-बारा जणांचे फोटो जमले की तालुका कृषी कार्यालयात गुणनियंत्रण निरीक्षकाकडे मिळून तक्रार देऊ. सोमवारी मी जाणारच आहे, कोण येतं ते सांगा.