काटा नाचतोय? मीटर बदलण्याआधी केबल बघा

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर हा प्रकार तुम्ही नक्की पाहिला असेल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू चालली आहे आणि स्पीडोमीटरचा काटा २० वरून ४० वर, तिथून पुन्हा १५ वर उड्या मारतोय. वेग वाढला की तो कधी शांत होतो, कधी होत नाही. डॅशबोर्डमागून मध्येच किरकिर ऐकू येते. मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "जुनी गाडी आहे, चालायचंच!"

असं म्हणून सोडून देऊ नका. काटा नाचायला लागला की आपण हळूहळू त्याच्याकडे बघणंच बंद करतो आणि वेग अंदाजाने ठरवू लागतो. गल्लीत ते खपून जातं, हायवेवर नाही. मोकळ्या रस्त्यावर तासभर गाडी चालवली की ९० चा वेगसुद्धा ६० सारखा वाटू लागतो. तेव्हा खरं सांगणारा तो काटाच असतो.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर हा विषय अगदी दारातला आहे. गाव मोटारींचं आहे. इथल्याच इरुंगट्टुकोट्टईच्या कारखान्यात ह्युंदाईची सँट्रो तयार होऊ लागली आणि १९९८ मध्ये बाजारात आली. गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हा मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू असा येऊन चेन्नईला पोहोचणारा रस्ता आहे. म्हणजे गणपतीला किंवा मे महिन्यात गाडी काढून पुण्याला निघालात, तर जवळजवळ सगळा प्रवास एकाच नंबरच्या रस्त्याने. अंतर अकराशे किलोमीटरच्या वर. एवढ्या वाटेवर नाचता काटा घेऊन निघू नका.

चांगली बातमी अशी की बहुतेक वेळा बिघाड मीटरमध्ये नसतो. तो असतो मीटरला फिरवणाऱ्या केबलमध्ये, आणि ती मीटरपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

काटा हलतो कसा?

प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, जुनी मारुती ८०० या गाड्यांचा स्पीडोमीटर केबलवर चालतो. गिअरबॉक्समधला एक छोटा गिअर ही केबल फिरवतो. बाहेर लवचीक आवरण आणि आत पोलादी तारांची घट्ट पिळलेली दोरी, अशी तिची रचना असते. चाकं जितकी जोरात फिरतील, तितकी आतली दोरी जोरात फिरते.

या दोरीचं वरचं टोक मीटरमधल्या लोहचुंबकाला फिरवतं. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. एक बारीक केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचत असते. या दोन ओढींचा जिथे समतोल होतो, तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभरच्या गाड्या त्यावर चालल्या.

मग काटा नाचतो का? आवरणातलं ग्रीस वाळलं, आत धूळ किंवा गंज जमला, की आतली दोरी अडखळते. खालचं टोक फिरत राहतं, वरचं अडकतं, आणि ओलं कापड पिळावं तशी दोरी पिळत जाते. पीळ जास्त झाला की ती एकदम सुटते आणि चुंबकाला झटका बसतो. पुन्हा अडकते, पुन्हा सुटते. काट्याच्या उड्या म्हणजे हे झटके. कमी वेगात ते जास्त दिसतात.

आधी निदान, मग पाना

सर्वात आधी तुमच्या गाडीत केबल आहे का, ते बघा. मीटरच्या मागे बोटाएवढ्या जाडीची काळी, गोल केबल नटने किंवा क्लिपने जोडलेली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. फक्त वायरिंगचे सॉकेट असतील, तर मीटर इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात गिअरबॉक्सवरचा किंवा चाकांजवळचा सेन्सर, त्याचा सॉकेट आणि वायरिंग तपासावं लागतं. ते काम मेकॅनिककडेच द्या.

केबलवाल्या गाडीत लक्षणं अशी वाचा:

• काटा नाचतो, पण किलोमीटरचे आकडे नीट पुढे सरकतात: केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी दबली आहे.
• काटाही मेला आणि आकडेही थांबले: केबल तुटली असेल, टोकातून निसटली असेल किंवा गिअरबॉक्सकडचा छोटा गिअर झिजला असेल.
• आकडे सरकतात, पण काटा शून्यावरच: दोष मीटरच्या आत आहे.
• म्युझिक सिस्टीम बसवल्यावर किंवा एसीचं काम केल्यावर काटा नाचू लागला: डॅशबोर्डमागे केबल दाबली गेली असणार. हे फार वेळा घडतं. केबल मोकळी केली की काम झालं.

घरी करता येईल असं काम

सुटीच्या दिवशी सकाळी, गाडी सपाट जागी उभी करून आणि इंजिन थंड असताना हे करा. पकड, स्क्रूड्रायव्हर, जुनं सुती कापड, थोडं रॉकेल किंवा डिझेल आणि ग्रीस एवढं सामान पुरे.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मीटरमागे दिव्यांचं वायरिंग असतं, तिथे चुकून ठिणगी नको.

२. मीटरमागचा केबलचा नट हाताने सैल करा किंवा क्लिप दाबून केबल सोडवा. जोर लावू नका, जुनं प्लास्टिक लगेच तुटतं.

३. आता कुणाला तरी गाडी न्यूट्रलमध्ये चार-पाच फूट ढकलायला सांगा. सुटलेल्या टोकाकडे बघा. चौकोनी टोक एकसारखं फिरत असेल, तर गिअरबॉक्सकडची बाजू ठीक आहे.

४. आतली दोरी वरून ओढून बाहेर काढा. काही गाड्यांत ती खालून, गिअरबॉक्सकडूनच निघते. कापडाने पुसा, रॉकेलने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

५. तिची तपासणी करा. सपाट फरशीवर ठेवून बोटांनी लाटा. ती सरळ गडगडली तर चांगली. एखाद्या जागी उडी मारत असेल, तर तिथे ती वाकली आहे. तारा सुटल्या असतील किंवा चौकोनी टोक गोल झालं असेल, तर नवीन केबल घ्या. वाकलेली दोरी ग्रीसने सुधारत नाही.

६. दोरी चांगली असेल, तर ग्रीसचा पातळ हात फिरवा. वरचे १५ सेंटिमीटर मात्र कोरडे ठेवा. फिरणारी दोरी स्क्रूसारखी ग्रीस वर ढकलते. ते मीटरमध्ये शिरलं की काटा अडकू लागतो आणि मग खरोखरच मीटरचा खर्च येतो. खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल घालू नका. पातळ तेल दोन दिवसांत खाली उतरतं आणि धूळ धरून बसतं.

७. दोरी फिरवत-फिरवत आत सरकवा. खालचं टोक खाचेत बसल्याचं हाताला कळतं. परत जोडताना केबलला कुठेही तीव्र वळण येऊ देऊ नका. ती मोठ्या, सैल वळणाने गेली पाहिजे आणि इंजिनच्या गरम भागापासून लांब राहिली पाहिजे.

दोरी काढल्यावर ती गिअर ऑइलने निथळत असेल, तर गिअरबॉक्सकडची ऑइल सील गेली आहे. आधी ती बदलून घ्या, नाहीतर तेल वर चढत राहील. आणि केबल ठणठणीत असूनही काटा नाचत असेल, तर मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्वतः उघडू नका. ती केसासारखी स्प्रिंग एकदा वाकली की काटा पुन्हा खरं बोलत नाही.

जुन्या गाडीची केबल शोधायची असेल, तर चेन्नईत पुदुपेट, पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड या जागा आहेत. दुकानात "मीटर केबल" म्हणून मागा आणि जुनी सोबत न्या. लांबी आणि दोन्ही टोकं जुळली पाहिजेत. केबलवर चालणाऱ्या जुन्या स्कूटर-मोटरसायकलींनाही हेच लागू आहे. फरक एवढाच की त्यांची केबल बहुधा पुढच्या चाकाकडून येते.

काटा खरं बोलतोय का?

दुरुस्तीनंतर तपासणी हवीच, आणि यात मुलांनाही सामील करून घ्या. मोकळ्या हायवेवर एकाच वेगाने गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्याला दोन किलोमीटरच्या दगडांमधला वेळ मोजू द्या. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. ६० च्या वेगाला एका किलोमीटरला ६० सेकंद लागतात, ८० च्या वेगाला ४५. म्हणजे ३६०० ला सेकंदांनी भागलं की वेग मिळाला. फोनवरच्या जीपीएसनेही पडताळता येईल.

काटा जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवत असेल, तर घाबरू नका. तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक ३९ प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त मात्र दहा टक्के आणि वर ४ किलोमीटरपर्यंत चालतो. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ पर्यंत गेला तरी चालेल, ७८ दाखवला तर नाही. कमी दाखवत असेल, तर टायर कंपनीच्या मापापेक्षा मोठे बसवले आहेत का, ते आधी बघा.

एक शेवटची गोष्ट. काट्याचा त्रास नको म्हणून काही जण केबलच काढून ठेवतात. तसं करू नका. त्याबरोबर किलोमीटरची मोजणीही थांबते. मग ऑइल कधी बदलायचं, टाकीत पेट्रोल किती उरलं असेल, टायर किती चालले, कशाचाच हिशोब राहत नाही. उद्या गाडी विकायला काढली, तर त्या आकड्यांवर कुणी विश्वासही ठेवत नाही. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी वाढवताना आरटीओत तपासणी होते. तिथे बंद मीटर लपत नाही.

गावी निघण्याआधी आपण टायरमधली हवा बघतो, पाणी बघतो, ऑइल बघतो. या वेळी घरापासून कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारा आणि शेजारी बसलेल्याला काट्याकडे बघायला सांगा. नाचत असेल, तर निघायच्या आधीच्या रविवारचा एक तास त्याच्यासाठी काढून ठेवा.