इमारतीची खतावणी

वरळीच्या बी.डी.डी. चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या नांदल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उरलेल्यांचे डोळे तारखेकडे आहेत. पुनर्विकासास इमारत देणाऱ्या कोणत्याही सोसायटीत हाच घोर असतो: ताबा कधी?

तारीख हुकते ती पुष्कळदा क्षुल्लक कारणाने. वास्तुरचनाकाराचा नकाशा वेगळा, नळकामाचा वेगळा. सांडपाण्याची नळी नेमकी तुळईवर आदळते आणि ओतलेले काँक्रीट फोडावे लागते. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, म्हणजेच ‘बिम’, या पद्धतीत तुळई, नळी, वीजवाहिनी एकाच संगणकीय प्रतिकृतीत मांडतात. टक्कर पडद्यावरच दिसते. लांबी, रुंदी, उंचीस वेळापत्रक जोडले की चौथी मिती, खर्च जोडला की पाचवी. नागपूर मेट्रोने ही पंचमितीय पद्धत स्वीकारली होती. कोणता खांब केव्हा उभा राहावयाचा आणि त्यास किती खर्च यावयाचा, हे अशा पद्धतीत एकत्र तपासता येते. व्यापाऱ्यास यात नवल ते काय? रोजमेळ आणि खतावणी जुळविण्याचीच ही रीत.

मात्र जागेवर झालेला बदल वेळीच प्रतिकृतीत चढला नाही, तर उरते केवळ देखणे चित्र. विक्री कार्यालयातील पडद्यावर फिरणारी इमारत बहुधा तसलीच! म्हणून सोसायटीने चित्रावर भाळू नये. नोंदी कोण ठेवणार, किती दिवसांनी अद्ययावत करणार आणि कंत्राटदाराची बिले त्यांच्याशी ताडूनच चुकती होणार का, हे करारात लिहून घ्यावे.