गिटार जेव्हा कांद्याचे भाव सांगते!

दोस्तांनो, गिटारला कधी कांद्याचे भाव सांगताना ऐकलंय तुम्ही? मी ऐकलंय! थापा मारत नाही, बरं का. १९९६ सालची गोष्ट आहे.

नाताळच्या सुट्टीत मी मावशीकडे हडपसरला गेलो होतो. माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला होता. दोन दिवसांवर कॉलेजचं गॅदरिंग. संध्याकाळी त्यानं ऐटीत बटण दाबलं, तर स्पीकरमधून आधी ‘हंऽऽऽ’ अशी गुणगुण आणि तिच्या आडून एक धीरगंभीर आवाज आला: कांदा, बटाटा, लसूण, क्विंटलला अमुक रुपये!

आम्ही पोट धरून हसलो. दादाही हसला, पण थोडाच वेळ. कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. इथे गिटार बोलते, तर तिथेही बोलणार. भर कार्यक्रमात बाजारभाव सुरू झाले म्हणजे?

दादाचा एक मित्र म्हणाला, “सोप्पं आहे. प्लगची ती मोठी पिन काढून टाक. आमचा अ‍ॅम्प असाच गप्प केला आम्ही.” दादानं पक्कड उचललीसुद्धा. तेवढ्यात काका बाहेर आले.

“पक्कड खाली ठेव आधी!”

काका टेलिफोन खात्यात होते. तारांमधले बिघाड शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते कधी आवाज चढवत नसत, म्हणून आम्ही सगळेच चपापलो. पिनेचं काय ते पुढे सांगतो. आधी रेडिओ कुठून शिरला ते पाहू.

हडपसरला पुणे आकाशवाणीचं प्रक्षेपण केंद्र आहे. ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे तिथून निघालेली लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वरखाली होते. एवढ्या वेगानं हलणं स्पीकरच्या कागदी पडद्याला जमत नाही, आणि जमलं तरी आपल्या कानांना ऐकू येणार नाही. मग बोलणं पोचतं कसं? लहरीची उंची निवेदकाच्या आवाजाबरोबर कमीजास्त केलेली असते. पण लहर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. बेरीज शून्य! आवाज बाहेर काढायचा तर लहरीचा एक अर्धा भाग छाटावा लागतो. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही ना, तशी विजेला एकाच बाजूनं वाट देणारी वस्तू हवी.

अशी वस्तू फार साधी असू शकते. आपल्या जगदीशचंद्र बसूंनी गॅलेना या खनिजाच्या खड्यावर धातूचं टोक टेकवून रेडिओलहरी ओळखून दाखवल्या. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. दुसऱ्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं वापरून रेडिओ बनवले होते. मग गंजलेला सांधा हे काम का नाही करणार? आणि तसा सांधा नसला, तरी अ‍ॅम्पमधला पहिला ट्रान्झिस्टरसुद्धा जोरदार लहर आली की न सांगता हेच करतो.

थोडक्यात, एरियल आणि ‘व्हॉल्व्ह’ एकत्र आले की झाला रेडिओ! आकाशवाणीचा यात काही दोष नाही हं. ते त्यांचं काम करत होते. घरात कुठेतरी दार उघडं राहिलं होतं.

ते शोधायची काकांची रीत मला अजून पाठ आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग कान द्यायचा.

“गिटारचा आवाज शून्यावर आण,” काका म्हणाले. दादानं बटण फिरवलं. भाव चालूच! म्हणजे गिटारच्या आतली कॉइल बहुधा निर्दोष. तिच्यातून आवाज येत असता, तर या बटणानं तो बंद झाला असता. मग अ‍ॅम्पमधून वायर उपसली. एकदम शांतता.

“म्हणजे अ‍ॅम्प चांगला आहे!” मी घाईघाईनं म्हणालो.

“कशावरून? बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये वायर काढली की आतला खटका आपोआप मिटतो आणि आत येणारी वाट बंद होते. दार लावल्यावर बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून बाहेर कुणी नाही असं असतं का?”

मी गप्प. मग शेजारच्या गल्लीतून दुसरी वायर मागून आणली. ती लावली आणि कांदाबटाटा गायब!

म्हणजे चोर वायरीतच. ही वायर साधी नसते. मधे एक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. जाळीनं बाहेरच्या लहरी अडवायच्या आणि अ‍ॅम्पच्या जमिनीला नेऊन सोडायच्या. काकांनी प्लगचं टोपण उघडलं. आत जाळीचे दोनच धागे शिल्लक होते, तेही हिरवट काळे पडलेले. पहारेकरीच झोपलेला! जाळी तुटली म्हणून वायर एरियल झाली आणि गंजलेला सांधा बहुधा बसूंच्या खड्याचं काम करत होता. काकांनी दोन इंच वायर कापली, जाळी घासून लख्ख केली आणि नवा डाख दिला. झालं काम!

गुणगुण मात्र थोडी राहिली. ती रेडिओची नव्हती. आपल्याकडच्या विजेची कंपनं सेकंदाला ५०; गिटारची कॉइल ती ट्यूबलाइटच्या चोकमधून उचलत होती. दादा गिटारसकट हळूहळू गोल फिरला आणि एका दिशेला ती जवळजवळ नाहीशी झाली. या त्रासावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तोड काढली होती: उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइल, एकीची गुणगुण दुसरीनं खोडायची. दादाच्या गिटारला एकच होती. स्वस्तात मिळाली होती ना!

आता ती मोठी पिन. ती असते अर्थिंगची. अ‍ॅम्पमध्ये काही बिघडून वीज पत्र्यावर आली, तर या पिनेतून ती जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन तोडली, की तिला एकच वाट उरते. अ‍ॅम्पपासून वायरीच्या जाळीत, तिथून गिटारच्या तारांत आणि तारांवरच्या बोटांत. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वॉन्सीला ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी भर मंचावर असाच गेला. मायक्रोफोनचं अर्थिंग धड नव्हतं आणि गिटार हातात असताना त्याला त्याचा स्पर्श झाला. पिन तोडल्यानं कधीकधी गुणगुण थांबते, हे खरं आहे. म्हणून तर तो सल्ला इतका फिरतो! काकांनी त्या मित्रालाही घरी जाऊन आधी नवा प्लग बसवायला लावला.

तुमच्या गिटारमधून आता ‘टर्र-टर्र, टर्र-टर्र’ असा आवाज आला, तर आधी अ‍ॅम्पवर ठेवलेला मोबाइल उचला. टू-जीचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरींचे झटके सोडतो, तेच ऐकू येतात. फोनचा चार्जर आणि एलईडीचे दिवे एकेक करून बंद करून पाहा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली, तर तारांना जोडलेली जमिनीची वायर शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही, तर ती तुटलेली असू शकते. वायर शक्य तेवढी आखूड घ्या. पण अ‍ॅम्पचं खोकं मात्र स्वतः उघडू नका. जुन्या काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्पमध्ये बटण बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते काम जाणकाराचं.

गॅदरिंगला आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. कांद्याचा भाव कुणालाच कळला नाही. दादा मात्र दुसऱ्या कडव्याच्या आधीचा सगळा तुकडा विसरला, आणि त्याचं खापर त्यानं बिचाऱ्या वायरीवर फोडलं!