पाठीवरचे ओझे आणि चार मीटरची फळी

उतरण, तरफ, कप्पी, चाक आणि आस ही साधी यंत्रे शाळेच्या पुस्तकात भेटतात आणि परीक्षा झाली की विसरली जातात. पुण्यात ती रोज पाहायची असतील तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार विभागात जावे. एक मीटर उंचीच्या ट्रकला चार मीटरची फळी लावली, तर घर्षण सोडून पिंप वर ढकलण्यास चौथा हिस्सा जोर पुरतो. कामाचे एकूण माप तेवढेच राहते. जोर कमी लागतो, अंतर वाढते. येथवर पुस्तक बरोबर आहे.

परंतु हमाल पिंप ढकलत नाही, तो पोते वाहतो. फळीने त्याच्या पायांना चढ सोपा होतो. पाठीच्या कण्यावर मात्र पोत्याचा पूर्ण भार राहतोच. तो भार उतरवणारे यंत्र म्हणजे चाक. शिवाय मजुरी नगावर ठरते. लांब फळी म्हणजे अधिक अंतर, अधिक वेळ आणि दिवसाकाठी कमी पोती. म्हणून आखूड, उभ्या चढणीची फळी हमाल स्वतःच पसंत करतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याचा हिशेब एकदा करून पाहावा. यंत्राने दिलेली सवलत मजुरीच्या पद्धतीने काढून घेतलेली असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे १०० किलोची पोती पाठीवर चढत राहिली. डोक्यावर भार वाहणारा म्हणून ज्याचे नावच माथाडी, त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा यांची दारे उघडली. पोते ५० किलोचे व्हावे ही मागणी मात्र डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायत यांना दीर्घकाळ लढवावी लागली. वजन अर्धे करण्यास कोणतेही यंत्र लागत नव्हते, केवळ लहान पोते लागत होते!

कचरावेचक स्त्रियांची कथा वेगळी नाही. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. खांद्यावरची झोळी ढकलगाडीत आली, हे मोठेच स्थित्यंतर. पण गाडीचे चाक जाम झाले की उतरणीचे सारे गणित उलटते, आणि चाक कोणी दुरुस्त करायचे, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हे, महापालिकेच्या अंदाजपत्रकाचा आहे.

गांधीजींना यंत्रविरोधी म्हणण्याची सवय अनेकांना आहे. शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केला होता आणि सुधारित चरख्यासाठी १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते, हे त्यांनी लक्षात घ्यावे. शरीराचा शीण घटवणारे यंत्र आणि माणसालाच हटवणारे यंत्र, हा तो भेद. बाजार समित्यांत इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेव्हा तोलणाराचे काम हलके झाले असे कोणी म्हणाले नाही. आता तोलाई कशासाठी द्यायची, असा वाद मात्र लगेच सुरू झाला. काटा ज्याच्या मालकीचा, बचत त्याच्या खिशात.

तेव्हा हमालीच्या दराची बोलणी होतात, त्याच बैठकीत दोन मुद्दे पटलावर यावेत. गोदामाचा धक्का ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला आणावा, म्हणजे चढच उरणार नाही आणि चाकाची गाडी थेट आत जाईल. हा बांधकामाचा खर्च एकदाच होतो. तो व्यापारी आणि बाजार समिती यांनी उचलावा. दुसरे, गाडी वापरली म्हणून नगामागचा दर कापला जाणार नाही, असे करारात लेखी यावे. दुसरा मुद्दा मान्य होण्यापूर्वी पहिल्यावर सही करू नये.